बदली खेळाडूची खुर्ची

फूटपट्टी सरांना हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलं होतं, आणि नावं ठेवताना पोरं सहसा चुकत नाहीत. सर उभे राहिले की सरळ, चालले की सरळ, आणि बोलले तर त्याहून सरळ. शाळेत खेळाचे शिक्षक असताना त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाला उशिरा आला म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. अध्यक्ष जाब विचारायला आले तर त्यांनाही सांगितलं, "तुम्ही सावलीत थांबा, तो पळतोय तिथं मध्ये येऊ नका." अध्यक्ष मुकाट्याने सावलीत थांबले. घरीसुद्धा टॉवेलच्या घडीचा कोपरा कोपऱ्याला लागला नाही तर सर ती मोडून पुन्हा घालायचे. बायको म्हणायची, "आमच्याकडे केरसुणीलासुद्धा ताठ उभं राहावं लागतं."

ह्या सरळपणाच्या मागे एक जुनं दुखणं होतं. विशीत सर स्वतः उत्तम बास्केटबॉल खेळायचे. एका मोठ्या स्पर्धेच्या संघात त्यांची निवड झाली. वडिलांनी नवे बूट आणले, गल्लीत सगळ्यांना सांगून झालं, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या जागी निवड समितीतल्या एकाचा पुतण्या गेला. ह्या पुतण्याच्या हातात बॉल आला की तो चटका बसल्यासारखा टाकून द्यायचा. पण तो पुतण्या होता. बूट खोक्यातच राहिले. सरांनी तेव्हाच ठरवलं, आपल्या हाती कधी निवड आली तर नात्याचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. विशीत माणूस असलं काहीबाही ठरवतो आणि पुढे संसाराच्या धबडग्यात विसरून जातो. सर विसरले नाहीत, इथंच घोडं पेंड खातं.

कॉलेजच्या मुलांच्या संघाचे जुने कोच गुडघ्यांनी टेकीला आले आणि घरी बसले, तेव्हा कॉलेजने सरांना बोलावलं. संघ कित्येक वर्षं तळाला होता. तळाला राहायची त्या पोरांना इतकी सवय झाली होती की हरल्यावर ती हसत हसत बाहेर यायची. प्राचार्यांनी सगळं बोलून झाल्यावर जरा चाचरत विचारलं, "तुमचा मुलगाही संघात आहे ना? शेवटचं वर्ष आहे त्याचं. अडचण नाही ना काही?"

सर म्हणाले, "हॉलच्या दाराच्या आत मला मुलगा नाही."

प्राचार्य खूश झाले. सरही खूश झाले. इतके, की घरी येऊन त्यांनी हे वाक्य बायकोला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि घरी आल्यावरसुद्धा समोरच्याचे डोळे तपासत असल्यासारखी रोखून बघायची. तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"असं अभद्र बोलू नये," ती म्हणाली. "ज्याला आहे त्यानं नाही म्हणू नये."

"अगं, बोलायची पद्धत असते."

"पद्धत दुसरी शोधायची."

मुलाने मात्र ते मजेत घेतलं. तो डावखुरा होता, म्हणून संघात त्याला डावऱ्या म्हणत. उंचीने आईच्या माहेरच्यांवर गेलेला, खांदे बापाचे, आणि हसणं कुणाचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. जुन्या कोचांच्या वेळी तो जवळजवळ प्रत्येक मॅच खेळला होता. संघात तो बापाच्या आधीपासून होता, हे ध्यानात ठेवायला हवं. सरांनी त्याला समोर बसवून नियम सांगितला: हॉलमध्ये मी सर, घरी मी बाबा. तिथलं इथं आणायचं नाही, इथलं तिथं न्यायचं नाही. मुलगा उठून उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "सर, तुम्ही चहा घेणार का, सर?" घरी तो बापाला अरे-तुरे करायचा. त्यामुळे ते 'तुम्ही' ऐकून आईला हसू आवरेना. त्या संध्याकाळी घरात तिघंही खूप हसले, आणि पुढे तिला ती संध्याकाळ आठवली की रडू यायचं.

संघाला सरांनी धुऊन, पिळून वाळत घातलं. उशिरा येणाऱ्याला दार बंद. बॉल रिंगकडे फेकण्याआधी प्रत्येकाच्या हातून एकदा फिरलाच पाहिजे. एकाचा फ्री थ्रो चुकला तर सगळ्यांनी पळायचं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे बचाव करताना हात स्वच्छ ठेवायचे. समोरच्याला अडवा, पण त्याच्या अंगाला स्पर्श नको. फाऊल म्हणजे आळस, असं सर म्हणायचे. पहिल्या दोन मॅच हरले. पोरं सवयीप्रमाणे हसत बाहेर आली, तर सर दारात उभे होते. त्यांनी फक्त एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानंतर हरल्यावर कुणी हसलं नाही, आणि मग हळूहळू हरायचंही कमी झालं.

पहिल्या मॅचला डावऱ्या बेंचवर होता. त्याच्या जागी उंट नावाचा मुलगा खेळला. उंट हे नाव मानेमुळे पडलं होतं. पोरगा गुणी होता, मेहनती होता, पण डावऱ्याच्या निम्म्यानेही खेळत नव्हता, हे उंटही जाणून होता. डावऱ्याला वाटलं, सुरुवातीला असंच असणार. सरांना दाखवायचं असेल चार लोकांना. दुसऱ्या मॅचलाही उंट. तिसऱ्याला उंट. चौथ्या मॅचला उंटाचा पाय मुरगळला. डावऱ्या जागेवरून अर्धा उठला होता, आणि सरांनी पहिल्या वर्षाच्या एका पोराला आत पाठवलं.

मुलाची आई प्रेक्षकांत बसलेली होती. घरच्या हॉलवरची प्रत्येक मॅच ती दुकानातून लवकर निघून बघायची. जिन्याजवळची तिसऱ्या रांगेतली एकच जागा तिची ठरलेली. ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि निघून गेली. सरांनी ते पाहिलं.

घरी तिने विषय काढला नाही. सरांनीच काढला, कारण ज्याच्या मनात खुपतं त्यालाच बोलावं लागतं.

"उद्या कुणी म्हणालं, पोराला खेळवायला कोच झाला, तर?"

"कोण म्हणेल?"

"लोक."

"एकाचं नाव सांगा."

सरांनी विचार केला. कप्तान म्हणाला नसता, उंट म्हणाला नसता, प्राचार्य तर मुळीच नाही. नाव काही सापडेना.

"आमच्या दुकानात असे लोक रोज येतात," ती म्हणाली. "लांबची पाटी फडाफडा वाचतात, आणि हातात पुस्तक दिलं की गडबडतात. जवळचं दिसत नाही त्यांना. पण ते बिचारे निदान चष्मा घेऊन जातात."

सरांना राग आला, आणि तो बायकोवर काढता येईना म्हणून दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला मुलावर निघाला. हे आता नेहमीचंच झालं होतं. दुसऱ्याची चूक झाली की सर एक शब्द बोलायचे, आणि ह्याची झाली की दहा. उंटाचा पास चुकला तर "पुन्हा", डावऱ्याचा चुकला तर "घरी झोपा काढायला मिळतात म्हणून इथंही काढायच्या का?" पोरं खाली बघायची. डावऱ्या म्हणायचा, "सॉरी, सर." तो कधी उलट बोलला नाही, प्रॅक्टिस चुकवली नाही, सगळ्यांच्या आधी यायचा आणि रिंगखाली एकटाच डाव्या हाताने बॉल टाकत राहायचा. त्याचा बॉल हातातून इतका हलका सुटायचा की रिंगला न लागता जाळीतून उतरायचा. सर दाराआडून बघायचे. आत पाऊल टाकताना मात्र ते चेहरा कोरडा करून घ्यायचे.

एक दिवस कप्तान त्यांच्या खोलीत आला. चौकोनी बांध्याचा, मोजकं बोलणारा मुलगा.

"सर, डावऱ्याला खेळवा. तो उंटापेक्षा चांगला आहे. उंटच म्हणतो."

"त्यानं पाठवलं तुला?"

"मी इथं आलो होतो हे त्याला कळलं तर तो माझ्याशी बोलणार नाही, सर," तो म्हणाला आणि गेला. सरांना आपण विचारलेल्या प्रश्नाची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून फूटपट्टी वाकत नाही.

घरात आधी चेष्टा बंद झाली. मग मुलगा बापाशी बोलताना सुरुवातीचा शब्दच गाळायला लागला: बाबाही नाही, सरही नाही, नुसतं "पाणी गरम झालंय." आई दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसून दोघांशी वेगवेगळं बोलायची. एका सकाळी, शेवटच्या मॅचला थोडेच दिवस उरले असताना, नाश्त्याला मुलगा एकदम म्हणाला, "बाबा, शेवटच्या मॅचला मला पाच मिनिटं देशील? जिंकत असू तेव्हाच दे असं नाही म्हणत. हरत असू तरी चालेल. फक्त पाच मिनिटं."

त्याला हे बोलायला किती दिवस लागले असतील ते त्याच्या कानांवरून कळत होतं. कान लाल झाले होते. सरांच्या ओठांवर 'हो' आलं होतं. पण नियम आडवा आला, तोही स्वतःच केलेला.

"हे घर आहे," ते म्हणाले. "मैदानावरचं मैदानावर बोलायचं."

मुलाने मान हलवली आणि ताटली उचलली. मैदानावर तो काहीच बोलला नाही.

तो गेल्यावर सरांनी बायकोला हळूच सांगितलं, "खेळवणार आहे मी त्याला शेवटच्या मॅचला. मनात केव्हाचं ठरलंय. त्याला सांगू नकोस."

"आत्ता सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"ते बरोबर दिसलं नसतं."

तिने कपाळाला हात लावला; पण त्या दिवसापासून तिचा चेहरा उजळला. तिने दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, आपल्या बहिणीला बोलावलं, आणि मुलाची खेळायची बनियन उन्हात वाळवून इस्त्री केली. मोसमभर बेंचवर बसलेली ती बनियन. तिला चुणी कसली पडणार. मुलगा म्हणाला, "आई, इस्त्री कशाला? मी घाम गाळायला जात नाही, टाळ्या वाजवायला जातो." ती ओठ मिटून हसली. पोटात ठेवलेलं बाहेर येऊ नये म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

शेवटची मॅच घरच्याच हॉलवर होती. जिंकले तर संघ तिसरा येणार होता. नेहमी तळाला असणाऱ्यांना तिसरा नंबर म्हणजे स्वर्ग दोन बोटं उरला, म्हणून गर्दी लोटली होती. प्राचार्य पुढच्या रांगेत होते. खेळ बराच वेळ अटीतटीचा चालला, आणि सरांनी स्वतःशी म्हटलं, आता नाही, जरा पुढे गेलो की. मग कप्तानाने सूत्रं हातात घेतली आणि संघ पुढे गेला, चांगलाच पुढे गेला. सरांनी बदली खेळाडू आत सोडायला सुरुवात केली. आधी एक, मग दुसरा, मग तो पहिल्या वर्षाचा पोरगा. पाहुण्यांची पंगत उठल्यावर घरच्यांनी बसायचं असतं, तसं त्यांनी आपल्या पोराला अगदी शेवटी ठेवलं. वर तिसऱ्या रांगेत दोन बहिणी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा सर म्हणाले, "डावऱ्या, जा. उंटाच्या जागी."

मुलाला आधी खरंच वाटलं नाही. मग त्याने अंगावरचं जाकीट असं काढलं की एक बाही उलटीच राहिली. धावत तो गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी गेला, नाव सांगितलं, आणि बदली खेळाडूसाठी तिथं जी खुर्ची ठेवलेली असते तिच्यावर बसला. ह्या खेळात बदली खेळाडूला मनाला येईल तेव्हा आत जाता येत नाही. पंचांची शिट्टी वाजून खेळ थांबावा लागतो. कुणाचा फाऊल व्हावा, किंवा बॉल रेषेबाहेर जावा. शेवटच्या दोन मिनिटांत समोरच्यांनी बास्केट केलं तरी चालतं. तोवर त्या खुर्चीवर बसायचं. एरवी कुणाला दहा श्वासांहून जास्त बसावं लागत नाही.

शिट्टी वाजेना. समोरचे आले, त्यांचा नेम चुकला. उंटाने उडी मारून बॉल पकडला. आपली पोरं गेली, बॉल सगळ्यांच्या हातून फिरवला, जसा सरांनी शिकवला होता तसा. समोरचे पुन्हा आले. पोरांनी त्यांना अडवलं, पण कुणाच्या अंगाला स्पर्श केला नाही, फाऊल केला नाही, जसं सरांनी शिकवलं होतं तसं. समोरच्यांचा नेम पुन्हा चुकला. अख्ख्या हॉलमध्ये आपल्याच संघावर एक बास्केट पडावं म्हणून देवाची आळवणी करणारी एकच बाई होती, आणि देवाने त्या वेळी दुसरीकडे तोंड केलं होतं.

मुलगा खुर्चीच्या काठावर आला होता. हात मांड्यांवर, डोळे बॉलवर.

कप्तानाच्या ते ध्यानात आलं. बॉल उड्या मारवत तो बेंचच्या बाजूने आला, टेबलाकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. "बाहेर टाकू, सर?" त्याने विचारलं.

एक शब्द लागत होता. शब्दही नको, मान हलली असती तरी पुरे होतं. मॅच जिंकलेलीच होती; बॉल बाहेर गेला असता तर कुणाचंच काही वाकडं झालं नसतं. पण सरांना पुढच्या रांगेतले प्राचार्य दिसले, समोरच्या संघाचा कोच दिसला, आणि कुठल्या तरी जुन्या निवड समितीतला तो पुतण्याचा काका दिसला. पोराला आत घालायला चालता खेळ थांबवला, असं कुणीतरी कुठंतरी म्हणेल. त्यांनी मान आडवी हलवली.

"खेळ," ते म्हणाले.

कप्तान खेळला. मग भोंगा वाजला.

पोरांनी उड्या मारल्या, कप्तानाला उचललं, प्राचार्य रांग ओलांडून धावत आले. मुलगा खुर्चीवरून उठला. त्याने खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, जाकिटाची उलटी बाही सुलटी केली, ते अंगात घातलं, आणि हात मिळवायच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभा राहिला. समोरच्या प्रत्येकाचा हात त्याने धरला. सरांपाशी आला तेव्हा त्यांचाही धरला. "अभिनंदन, सर," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी मावशीने दोन-चार शब्द बोलून पाहिले आणि ती लवकर निघून गेली. मुलानेच पानं घेतली.

"सर, बसा तुम्ही. दमला असाल."

"घरात सर कसला?"

"सवय झाली," मुलगा म्हणाला. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. टोमणा असता तर सरांनी तो आनंदाने झेलला असता.

जगात शेकडो लोक त्यांना सर म्हणत होते. बाबा म्हणणारा एकच होता, आणि तो आता शेकड्यांत जाऊन बसला.

परीक्षा झाल्यावर मुलगा दूरच्या शहरात लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला. खेळायचे बूट माळ्यावर ठेवून गेला, खोक्यात घालून. सरांनी ते खोकं पाहिलं तेव्हा त्यांना आपलं खोकं आठवलं, आणि ते माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले. एका पुतण्याचा सूड त्यांनी कुणावर उगवला होता, हे समजायला त्यांना शिडी चढावी लागली. फोन आईला यायचा. ती ऐकता ऐकता मान वळवून सांगायची, "विचारतोय, सर कसे आहेत." सर म्हणायचे, "बरे आहेत म्हणावं." फोन हातात घेऊन बोलायचं एक वाक्य त्यांनी केव्हाच पाठ करून ठेवलं होतं. पोरांना दहा वर्षं शिस्त शिकवणाऱ्या माणसाला ते एक वाक्य काही म्हणता आलं नाही.

एकाच गोष्टीवर त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. कप्तानाने विचारलं आणि आपण मान हलवली, ते मुलाला दिसलं नसणार. त्याचं लक्ष बॉलवर होतं. एका दुपारी हॉल रिकामा असताना ते सहज म्हणून टेबलापाशी गेले आणि त्या खुर्चीवर बसले. मान जराशी वळवली. बेंच लख्ख दिसत होता. कोच उभा राहतो ती जागा इतकी जवळ होती की तिथं कुणी कुजबुजलं तरी ऐकू आलं असतं. सर बराच वेळ उठले नाहीत. फरशी पुसायला आलेल्या बाईने त्यांच्याभोवतीची फरशी पुसली आणि ती पुढे गेली.

नव्या मोसमात त्यांनी संघाला एक नियम घालून दिला. आपला बदली खेळाडू टेबलापाशी गेला की पुढच्या तीन पासांच्या आत बॉल रेषेबाहेर टाकायचा. कितीही रंगात आलेला खेळ असो, मग आत जायचं आहे तो कुणीही असो.

"पण सर, बॉल त्यांना मिळतो मग," नवा कप्तान म्हणाला.

"मिळू दे."

दुसऱ्या संघांचे कोच हसायचे. म्हातारा जिंकला आणि बिघडला, असं बोललं जायचं. ह्या नियमापायी संघ एक महत्त्वाची मॅच एका गुणाने हरला. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, "हा कुठला नियम, सर? कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. माझा आहे," सर म्हणाले.

मुलगा त्या वर्षी दोन दिवसांसाठी आला. आईने फार आग्रह केला म्हणून तिच्याबरोबर मॅचला आला आणि जिन्याजवळ तिच्या शेजारी बसला. हॉलमध्ये तो नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच येत होता. सरांनी वर एकदाच पाहिलं. खेळ रंगात होता, गुण बरोबरीत होते. पण ते उठले आणि संघातल्या सगळ्यांत कच्च्या, बारक्या मुलाला टेबलाकडे पाठवलं. बारका खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच कप्तानाने बॉल सरळ रेषेबाहेर टाकला. प्रेक्षकांतून ओरड झाली. शिट्टी वाजली, आणि बारका धावत आत गेला. सरांना पुन्हा वर बघायचं धाडस झालं नाही. मॅच ते हरले.

जेवताना मुलगा भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबला.

"आज तो बॉल मुद्दाम बाहेर टाकला ना त्यांनी?"

"हो," सर म्हणाले.

"तो बारका आत यावा म्हणून?"

"हो. नियम केलाय तसा."

"कधीपासून?"

"तू गेलास तेव्हापासून."

आईच्या हातातला डाव भांड्यावर तसाच राहिला. पाठ केलेलं वाक्य सरांच्या घशाशी आलं होतं. आता कुणी थोडं थांबलं असतं, एक श्वासभर, तर ते बाहेर पडलं असतं. पण मुलाला बापाची अडचण झालेली बघवेना. तो स्वभावानेच तसा होता. समोरच्याची सुटका करून टाकायचा. त्याने तुकडा तोंडात घातला, नीट चावला, आणि अगदी मनापासून म्हणाला, "चांगला नियम आहे, सर."

आईने डाव खाली ठेवला. सर "हं" म्हणाले आणि पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला. पेला रिकामा होता. मुलाने तांब्या घेऊन त्यात पाणी ओतलं. मग त्याने आईला सकाळच्या गाडीची वेळ सांगितली, आणि तिघांनी जेवण उरकलं.